फ्रान्स आणि जर्मनी : निम्न माध्यमिक शिक्षणावरचा सरकारी खर्च तोलायचा कसा?

मोजदाद (धागाकर्ता)

फ्रान्स आणि जर्मनी निम्न माध्यमिक शिक्षणावर किती सरकारी पैसा खर्च करतात, याची तुलना रीतसर करायची तर काय काय पाहावं लागतं, त्यासाठी हा धागा. जोडी मुद्दाम निवडली आहे. शेजारी देश, चलन एकच, आर्थिक वर्ष दोन्हीकडे जानेवारी ते डिसेंबर, आणि आकडे दोन्हीकडे नीट ठेवलेले. एवढं सगळं जुळत असूनही तुलना फसते, ती नेमकी कुठे फसते ते इथे एकेक करून मांडू या.

सुरुवात सगळ्यात सर्रास होणाऱ्या चुकीपासून करतो. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर 'शिक्षणावरच्या सरकारी खर्चापैकी निम्न माध्यमिकचा टक्का' असा रकाना आहे. (हे आकडे बँकेचे स्वतःचे नाहीत, युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेकडून येतात.) लोक दोन देशांचे टक्के शेजारी शेजारी ठेवतात आणि ज्याचा मोठा तो देश या वयाच्या मुलांवर जास्त खर्च करतो असं लिहून मोकळे होतात. पण फ्रान्समध्ये हा टप्पा चार इयत्तांचा आहे आणि जर्मनीत साधारण सहा इयत्तांचा. सहा इयत्तांच्या वाट्याला चार इयत्तांपेक्षा मोठा टक्का येणारच. त्या टक्क्यावरून देशाची आस्था मोजता येत नाही, त्यात बरीचशी टप्प्याची लांबीच मोजली जाते.

ज्यांनी हे हिशेब केले आहेत त्यांनी कृपया भर घालावी.

इयत्तावारी

चांगला विषय. इयत्तांचं जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आंतरराष्ट्रीय मोजमाप आयस्केड या वर्गीकरणावर चालतं. सध्याची आवृत्ती २०११ ची, आणि २०१४ च्या संकलनापासून आकडे तिच्यानुसार गोळा होतात. त्यातला स्तर २ म्हणजे निम्न माध्यमिक. हा स्तर चार ते सात वर्षांच्या प्राथमिक शिक्षणानंतर सुरू होतो. प्रवेशाचं वय १० ते १३ आणि त्यातही १२ सर्वांत जास्त आढळणारं. म्हणजे वर्गीकरणातच बरीच ढील आहे.

फ्रान्समध्ये पाच वर्षं प्राथमिक, मग चार वर्षं 'कोलेज', वय ११ ते १५. उच्चार ऐकून महाविद्यालय समजू नका, ही शाळाच. वर्गांचे आकडे उलटे उतरतात : सहावा, पाचवा, चौथा, तिसरा. त्यानंतर 'लिसे', म्हणजे उच्च माध्यमिक.

जर्मनीत चार वर्षांची 'ग्रुंडशूले', मग पाचवी ते दहावी हा स्तर २. तो हाउप्टशूले, रेआलशूले, गेझाम्टशूले, गिम्नाझिउम अशा वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विखुरलेला आहे. इथे दोन अडचणी आहेत. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांत ग्रुंडशूले सहा वर्षांची असते, त्यामुळे त्या राज्यांच्या स्वतःच्या अहवालातलं 'प्राथमिक' आणि इतर राज्यांतलं 'प्राथमिक' एका मापाचं नाही. दुसरी अडचण गिम्नाझिउमची. जिथे हा अभ्यासक्रम एकूण आठ वर्षांचा केला होता, तिथे दहावी ही उच्च माध्यमिकची प्रवेश-इयत्ता ठरते आणि स्तर ३ मध्ये जाते. नऊ वर्षांच्या रचनेत तीच दहावी स्तर २ मध्ये राहते. बव्हेरिया, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया, लोअर सॅक्सनी अशी मोठी राज्यं पुन्हा नऊ वर्षांकडे वळली आहेत. परिणामी काही वर्षांच्या अंतराने पाहिलं तर एक पूर्ण इयत्ता एका स्तरातून दुसऱ्यात सरकलेली दिसते. खर्चाचं धोरण तसूभरही न बदलता आलेख हलतो.

आणि मराठी वाचकांसाठी एक खुलासा : आपण 'माध्यमिक' म्हटलं की नववी-दहावी डोळ्यांपुढे येते. युनेस्कोच्या नोंदीत भारताची सहावी ते आठवी, म्हणजे आपलं 'उच्च प्राथमिक', हा स्तर २ आहे. तक्ते वाचताना शब्दावर जाऊ नका, वय पाहा.

पाटीपेन्सिल

मग सरळ वर्षांनी भागलं तर? जर्मनीचा खर्च भागिले सहा, फ्रान्सचा भागिले चार?

मोजदाद

पाटीपेन्सिल, त्याने अर्धंच काम होतं, कारण प्रत्येक इयत्तेत मुलं किती हे त्यात येत नाही. विद्यार्थिसंख्येनेच भागावं, आणि तीही पूर्णवेळ-समतुल्य (म्हणजे अर्धवेळ विद्यार्थी अर्धाच धरून). पण तेवढ्यानेही सीमा जुळत नाही. जर्मनीच्या सरासरीत दहा वर्षांचं मूल आहे, फ्रान्समध्ये तेच मूल प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात बसलेलं असतं. प्राथमिकचा दरडोई खर्च साधारणपणे कमी असतो, त्यामुळे सीमा कुठे आखली यावर दोन्ही सरासऱ्या हलतात.

यातून सुटण्याची पद्धत ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) वापरते ती : वयाचा पट्टा ठरवून संचित खर्च काढायचा. ६ ते १५ वयाची दहा वर्षं घ्या. फ्रान्ससाठी प्राथमिकचा दरडोई खर्च गुणिले ५, अधिक कोलेजचा गुणिले ४, अधिक लिसेचा गुणिले १. जर्मनीसाठी प्राथमिकचा गुणिले ४, अधिक स्तर २ चा गुणिले ६. आता दोन्ही बाजूंना तीच दहा वर्षं आहेत. निम्न माध्यमिकचा सुटा आकडा हवाच असेल तर तो द्या, पण शेजारी हा संचित आकडा ठेवा. दोघांचा कल उलटा निघाला तर सुट्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

हातचा_एक

जीडीपीच्या टक्क्याबद्दल. वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा तोच छापतात, म्हणून त्याच्या पोटात काय असतं ते लिहितो.

जीडीपीतला वाटा = (दर विद्यार्थी खर्च ÷ दरडोई जीडीपी) × (विद्यार्थी ÷ लोकसंख्या).

ही व्याख्याच आहे, छेद कापून पाहा. समजा एका देशात दर विद्यार्थी खर्च दरडोई जीडीपीच्या २४ टक्के आणि या टप्प्यातली मुलं लोकसंख्येच्या ५ टक्के. वाटा आला १.२० टक्के. दुसऱ्या देशात २८ टक्के आणि मुलं ४ टक्के. वाटा १.१२ टक्के. मथळा लिहिणारा पहिल्या देशाला उदार म्हणेल, पण प्रत्यक्ष मुलामागे दुसराच देश जास्त देतोय. फ्रान्सचा जन्मदर दीर्घकाळ जर्मनीच्या वर राहिला आहे आणि जर्मनीचा टप्पा लांब आहे. दुसऱ्या कंसात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. म्हणून दोन्ही कंस वेगळे छापल्याशिवाय जीडीपीचा टक्का वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

पाटीपेन्सिल

दोन्हीकडे युरो आहे. म्हणजे क्रयशक्तीचं रूपांतर तरी टळलं ना?

हातचा_एक

नाही टळलं. चलन एक असलं तरी किमती एक नसतात. युरोस्टॅट (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) म्हणूनच युरो वापरणाऱ्या देशांनाही क्रयशक्तीचे, म्हणजे किमतींतला फरक काढून टाकणारे, वेगळे गुणक देतं. विनिमय दराच्या चढउताराचा त्रास मात्र या जोडीत नाही, तेवढं सोपं आहे.

गुणक कोणता हेही पाहावं. ओईसीडीचे शिक्षणखर्चाचे तक्ते संपूर्ण जीडीपीचा गुणक लावतात. त्याने उत्तर मिळतं ते 'देशाने शिक्षणासाठी इतर किती वस्तू-सेवा सोडल्या' या प्रश्नाचं. 'किती शिक्षण विकत आलं' हा प्रश्न वेगळा. शिक्षणाचा स्वतंत्र गुणक असतो, पण शाळेच्या खर्चात पगारच मोठा, आणि पगाराला किंमत मानलं तर ज्या देशात पगार जास्त तिथे शिक्षण 'महाग' ठरून खर्चातला फरकच पुसला जातो. त्यामुळे तिथे आता पगाराऐवजी विद्यार्थिसंख्या धरतात आणि पिसा या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-चाचणीच्या गुणांनी ती दुरुस्त करतात. दोन गुणक एकाच तक्त्यात मिसळले तर सगळंच मुसळ केरात.

गुणकच नको असेल तर दर विद्यार्थी खर्च दरडोई जीडीपीच्या टक्क्यांत मांडा. अंश आणि छेद एकाच देशाच्या किमतींत असल्याने रूपांतराची गरजच पडत नाही.

खतावणी

आता ज्या बाबीमुळे या जोडीचं उत्तरच बदलू शकतं तिच्याकडे येतो : शिक्षकांचं निवृत्तिवेतन. मला विचाराल तर ही एक बाब वगळून फ्रान्सची कोणत्याही देशाशी केलेली तुलना वाचूच नये.

फ्रान्समध्ये सरकारी शाळेतला बहुतेक शिक्षक हा राज्याचा नागरी सेवक. त्याच्या मूळ वेतनावर 'मालक' म्हणून राज्य जे निवृत्ती-अंशदान दाखवतं त्याचा दर २०१४ ते २०२४ पर्यंत ७४.२८ टक्के होता, २०२५ मध्ये तो ७८.२८ टक्के झाला. हे चुकून छापलेलं नाही. मूळ वेतन १०० असेल तर त्या दराने जवळपास ७८ आणखी शिक्षण मंत्रालयाच्या खात्यात खर्च म्हणून पडतात. खासगी मालकाच्या निवृत्ती-अंशदानाचा दर याच्या जवळपासही नाही.

एवढा दर का? कारण हा दर आजच्या शिक्षकाच्या उद्याच्या पेन्शनसाठी ठरत नाही. आज निवृत्त असलेल्या सर्व नागरी सेवकांचं पेन्शन भागावं म्हणून तो जुळवलेला असतो. निवृत्तांच्या मानाने नोकरीत असलेले कमी, म्हणून दर चढा. म्हणजे यातला मोठा भाग आजच्या विद्यार्थ्यासाठी झालेला खर्चच नाही, जुन्या बांधिलकीची फेड आहे. तरी तो दर विद्यार्थी खर्चात मोजला जातो.

जर्मनीत अनेक राज्यांत शिक्षक 'बेआम्टे', म्हणजे कायम नागरी सेवक, असतात. त्यांच्यासाठी निवृत्ती-अंशदान भरलं जात नाही, राज्य पेन्शन थेट पुढच्या काळातल्या अर्थसंकल्पातून देतं. मग खर्च कमी दिसू नये म्हणून सांख्यिकी कार्यालय एक मानीव अंशदान धरून आकड्यात मिळवतं, आजारपणाच्या मदतीचा भागही धरतं. तो दर फ्रान्ससारखा 'जमाखर्च जुळवणारा' नाही. शिवाय जे शिक्षक करारावर आहेत, त्यांचं अंशदान सर्वसाधारण निवृत्ती विम्यात प्रत्यक्ष भरलं जातं. एकाच देशात दोन पद्धती.

परिणाम किती मोठा, ते काल्पनिक आकड्यांवर पाहा. दर विद्यार्थी खर्च ९,००० युरो, त्यात शिक्षकांचं मूळ वेतन ३,६०० युरो.
७४.२८ टक्क्यांनी अंशदान : २,६७४ युरो.
३० टक्क्यांनी धरलं असतं तर : १,०८० युरो.
फरक : १,५९४ युरो.
म्हणजे ९,००० चे ७,४०६ झाले. जवळपास १८ टक्के घट, आणि वर्गात काहीही बदललेलं नाही.

माझा आग्रह असा : दोन्ही देशांसाठी एकच मानीव दर धरून समांतर स्तंभ काढावा. दर कोणता धरला ते लिहावं, आणि २० व ३० टक्के अशा दोन्ही दरांनी करून पाहावं. त्यात क्रम बदलत असेल तर 'कोण जास्त' हे उत्तर देणं थांबवावं.

इयत्तावारी

+१. याला जोडून एक : ओईसीडीचा 'शिक्षकांचे वैधानिक पगार' हा तक्ता मालकाचं अंशदान धरत नाही, खर्चाचा तक्ता धरतो. म्हणून फ्रेंच शिक्षकाचा पगार जर्मन शिक्षकापेक्षा बराच कमी असूनही खर्चातली दरी तेवढी रुंद दिसत नाही. लोक याला विसंगती म्हणतात. ती विसंगती नाही, दोन तक्ते वेगळ्या वस्तू मोजतात.

वहीखातं

पैसा कोण देतं ते लिहितो, कारण 'सरकारी' या शब्दात इथे तीन-तीन पातळ्या आहेत.

फ्रान्स : शिक्षकांचे पगार केंद्र देतं. कोलेजच्या इमारती, दुरुस्ती आणि चालू साहित्य 'देपार्तमां' या जिल्ह्यासारख्या पातळीकडे, १९८०च्या दशकातल्या विकेंद्रीकरणापासून. सफाई, भोजनालय, देखभाल यांचे कर्मचारी २००४ च्या कायद्याने देपार्तमांकडे गेले. (प्राथमिक शाळा कम्यूनकडे, म्हणजे गाव-शहराच्या पालिकेकडे, लिसे प्रदेशाकडे. म्हणजे स्तर बदलला की देणाराही बदलतो.) केवळ शिक्षण मंत्रालयाचा अर्थसंकल्प घेतला तर कोलेजची इमारत आणि स्वयंपाकघर हिशेबात येतच नाही.

जर्मनी : पगार राज्यांकडे. इमारत, साहित्य, सचिव, देखभालनीस हे नगरपालिका किंवा जिल्ह्यांकडे. संघराज्याचा थेट वाटा लहान, पण आहे. २०१९ ते २०२४ च्या डिजिटल शाळा-करारात संघाने आधी ५ अब्ज युरो ठेवले, २०२० मध्ये त्यात भर पडून ६.५ अब्ज झाले.

हे पैसे संघाकडून राज्याकडे, राज्याकडून पालिकेकडे आणि तिथून शाळेकडे जातात. प्रत्येक पातळीचा अर्थसंकल्प उघडून बेरीज केली तर तोच युरो तीनदा मोजला जातो. फ्रान्समध्येही केंद्र देपार्तमांना कोलेजच्या बांधकामासाठी अनुदान देतं, तिथे दोनदा.

म्हणून आंतरराष्ट्रीय तक्त्यांत 'आरंभीचा स्रोत' आणि 'हस्तांतरणानंतरचा' असे दोन प्रकार असतात. आरंभीच्या स्रोतात पैसा जिथून निघाला तिथे मोजतात, हस्तांतरणानंतरच्या प्रकारात अखेरीस ज्याने खर्च केला तिथे. एकूण सरकारी खर्चासाठी कोणताही एक घ्या, पण दोन्ही देशांसाठी तोच. एका देशाचा आरंभीचा आणि दुसऱ्याचा अंतिम घेतलेले तक्ते सर्रास फिरतात. कुटुंबांना आणि खासगी संस्थांना दिलेली रक्कम या दोन प्रकारांत वेगळ्या जागी पडते, म्हणून उत्तरं जुळत नाहीत.

पाटीपेन्सिल

कुटुंबांना दिलेली रक्कम म्हणजे शिष्यवृत्ती? की मुलांसाठीचा भत्ताही?

वहीखातं

कसोटी अशी : विद्यार्थी असणं ही अट आहे का? कोलेजची शिष्यवृत्ती धरायची. केवळ मूल आहे म्हणून मिळणारा भत्ता, जसा जर्मनीचा 'किंडरगेल्ड', शाळेच्या खर्चात धरायचा नाही. मधल्यामध्ये अडकतो तो फ्रान्सचा शाळा-सुरुवातीचा भत्ता. तो कौटुंबिक लाभ देणारी संस्था देते, शिक्षण मंत्रालय नाही, पण मिळतो शाळकरी मुलांच्या घरांनाच. असे मधले लाभ तक्त्यात स्वतंत्र ओळीत ठेवा. बेरजेत गुडूप करू नका.

खडूफळा

नुसता एकूण आकडा बघून काही कळत नाही. तो कशाचा बनला ते पाहायला हवं. शिक्षकावरचा दर विद्यार्थी खर्च चार गोष्टींनी बनतो :

पगार × विद्यार्थ्याचे तास ÷ शिक्षकाचे तास ÷ वर्गातली मुलं.

कोलेजमध्ये विद्यार्थ्याचे आठवड्याचे तास २६. प्रमाणित शिक्षकाचं बंधनकारक अध्यापन १८ तास, 'आग्रेजे' (वरच्या स्पर्धा परीक्षेतून आलेल्या) शिक्षकाचं १५. वर्गात समजा २५.५ मुलं. २६ ÷ १८ = १.४४, आणि २५.५ ÷ १.४४ = सुमारे १७.७. म्हणजे दर १७.७ मुलांमागे एक शिक्षक.

जर्मनीसाठी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाचं गिम्नाझिउम घेऊ. शिक्षकाचे साप्ताहिक तास २५.५ (तिथल्याच हाउप्टशूले आणि रेआलशूलेत २८). विद्यार्थ्याचे समजा ३१, वर्गात समजा २६ मुलं. ३१ ÷ २५.५ = १.२२, आणि २६ ÷ १.२२ = सुमारे २१.४.

तिथला 'तास' ४५ मिनिटांचा, फ्रान्सचा जवळपास साठ मिनिटांचा धरलेला. पण प्रत्येक देशाच्या गुणोत्तरात वर-खाली तोच तास असल्याने तो कापला जातो. चूक होते ती २५.५ आणि १८ थेट शेजारी ठेवल्यावर. मिनिटांत काढलं तर २५.५ जर्मन तास म्हणजे १९ तास ७-८ मिनिटं, अंतर एकदम कमी होतं. वर्षाचे तास काढताना आठवडे वेगळे पाहावे लागतात, फ्रान्समध्ये शालेय वर्ष ३६ आठवड्यांचं आहे.

तर या हिशेबाने फ्रान्सला त्याच मुलांसाठी जास्त शिक्षक लागतात आणि जर्मनी तोच पैसा जास्त पगारात घालते.

इयत्तावारी

खडूफळा, मांडणी उत्तम, पण शेवटचं वाक्य मागे घ्यावं लागेल. प्रत्यक्ष नोंदवलेलं विद्यार्थी-शिक्षक प्रमाण दोन्ही देशांत या स्तरावर १५ च्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. तुमच्या सूत्रातून आलेले १७.७ आणि २१.४ दोन्ही त्याच्या वर आहेत, आणि जर्मनीचं अंतर जास्त मोठं आहे.

हे अंतर पडतं कारण वर्गाचे तास म्हणजे शिक्षकांचे सगळे तास नव्हेत. भाषा आणि प्रयोगशाळेसाठी वर्ग अर्धा केला की एका तासाला दोन शिक्षक लागतात. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गांत मुलं फार कमी. दिवसभराच्या शाळेतल्या दुपारच्या सत्रांनाही शिक्षक लागतात. शिवाय जर्मनीत समन्वय, वय, व्यवस्थापन अशा कारणांनी शिक्षकाला तास माफ होतात, म्हणून कागदावरचे २५.५ वर्गात २५.५ नसतात.

खडूफळा

बरोबर, मान्य. वाक्य मागे घेतो. कागदावरच्या तासांवरून शिक्षकसंख्या काढायची नाही. प्रत्यक्ष प्रमाण घ्यायचं आणि सूत्राचा उपयोग ताळा म्हणून करायचा : प्रत्यक्ष आणि सूत्र यांतलं अंतर म्हणजे वर्गाबाहेर खर्ची पडणारे शिक्षक-तास. तेही दोन देशांत वेगळे निघतात आणि तेच पुढे शोधण्यासारखं आहे.

फ्रान्सबाबत आणखी एक : तिथे मधल्या सुट्टीतलं लक्ष, उशिरा येणाऱ्यांची नोंद, अभ्यासिका हे शिक्षक करत नाहीत. त्यासाठी शालेय जीवन-सल्लागार आणि सहायक असा वेगळा कर्मचारीवर्ग आहे. त्यांचा पगार 'इतर कर्मचारी' या ओळीत पडतो. जर्मनीत शाळेतला समाजकार्यकर्ता अनेकदा युवक-कल्याणाच्या खात्यातून येतो आणि शिक्षणखर्चात दिसतही नाही. फक्त शिक्षक मोजले तर या दोन्ही गोष्टी निसटतात.

हातचा_एक

खासगी शाळांचा छेद. फ्रान्समध्ये कोलेजच्या पाचातला साधारण एक विद्यार्थी खासगी शाळेत असतो. त्यातल्या बहुतेक शाळा १९५९ च्या देब्रे कायद्याखाली राज्याशी करार केलेल्या, म्हणजे शिक्षकांचा पगार राज्यच देतं. जर्मनीतही मान्यताप्राप्त खासगी शाळांना राज्यं अनुदान देतात, पण त्यातले विद्यार्थी प्रमाणाने कमी.

युनेस्कोचा दर विद्यार्थी सरकारी निधी सर्व विद्यार्थ्यांनी भागलेला असतो, सरकारी आणि खासगी मिळून. राष्ट्रीय प्रकाशनांत अनेकदा फक्त सरकारी शाळा असतात, जर्मन सांख्यिकी कार्यालयाचा दरवर्षीचा प्रसिद्ध आकडा तसाच आहे. अंशात खासगी शाळांचं अनुदान आणि छेदात फक्त सरकारी विद्यार्थी अशी गल्लत झाली तर आकडा फुगतो. उलट केलं तर आटतो. तक्त्याच्या मथळ्यात नाही, तळटीपेत हे लिहिलेलं असतं.

खतावणी

दुसऱ्या एका सापळ्याबद्दल. सरकारी खर्चाचं राष्ट्रीय लेख्यांतलं वर्गीकरण, कॉफोग, यातही शिक्षण आहे : विभाग ०९. त्यात ०९.२ माध्यमिक, पोटात ०९.२.१ निम्न माध्यमिक. लोक खूश होतात. पण युरोस्टॅट जे छापतं ते ०९.२ पर्यंतच, निम्न आणि उच्च एकत्र. आणि शाळेची वाहतूक, जेवण, निवास या पूरक सेवा ०९.६ मध्ये वेगळ्या काढलेल्या असतात, स्तरात वाटलेल्या नसतात. युनेस्को-ओईसीडी-युरोस्टॅटच्या संयुक्त संकलनात मात्र त्या पूरक सेवा त्या-त्या स्तरातच मोजतात. म्हणून दोन ठिकाणचे 'माध्यमिक' आकडे कधीच जुळणार नाहीत. जुळवायला जाऊ नका, एकच संकलन निवडा. या कामासाठी संयुक्त संकलन.

वहीखातं

खतावणींच्या मुद्द्याला जोडून, स्तरांत वाटणीची दुसरी अडचण. गिम्नाझिउममध्ये पाचवी ते तेरावी एकाच इमारतीत, तेच शिक्षक. विजेचं बिल स्तर २ चं किती आणि स्तर ३ चं किती? वाटणी अध्यापनाच्या तासांवर किंवा विद्यार्थिसंख्येवर करतात. वरच्या वर्गांत गट लहान, म्हणून संख्येवर वाटलं तर स्तर २ वर जास्त खर्च पडतो, तासांवर वाटलं तर कमी. फ्रान्समध्ये कोलेज आणि लिसे बहुधा वेगळे, तरी अपवाद आहेत : व्यावसायिक लिसेत चालणारा 'तिसरा' वर्ग शिक्षणाने स्तर २, पत्त्याने लिसे. खर्च शाळेच्या प्रकारावरून उचलला तर तो चुकीच्या स्तरात जातो.

पाटीपेन्सिल

वर्ष कोणतं घ्यावं?

मोजदाद

ओईसीडीच्या वार्षिक अहवालात खर्च तीन वर्षं जुना असतो : २०२४ च्या आवृत्तीत २०२१ चा, २०२५ च्या आवृत्तीत २०२२ चा. मुखपृष्ठावरचं वर्ष तक्त्यावर लिहू नका. २०२० आणि २०२१ ही साथीची वर्षं. त्यात जीडीपी हलला, म्हणून टक्के हलले. शाळांनी काही वेगळं केलं असेलच असं नाही.

बांधकामाचा खर्च एका वर्षाचा घेऊ नये. एखाद्या वर्षी बऱ्याच इमारती उभ्या राहिल्या की आकडा उसळतो. चालू खर्च स्वतंत्र ठेवा आणि भांडवली खर्चाची तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्या. वाढ मोजायची असेल तर प्रत्येक देशाची मालिका त्याच्याच स्थिर किमतींत मोजा. दरवर्षीचा क्रयशक्तीचा गुणक लावून वाढ काढली तर गुणकातले बदलही वाढ म्हणून दिसतात.

आर्थिक वर्ष जानेवारीचं, शाळा मात्र फ्रान्समध्ये सप्टेंबरला आणि जर्मनीत राज्याप्रमाणे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होते. म्हणून छेदात दोन शालेय वर्षांची भारित सरासरी हवी : साधारण आठ महिने जुन्या वर्षाची पटसंख्या, चार महिने नव्या. पट स्थिर असेल तर फरक किरकोळ. निर्वासित मुलं मोठ्या संख्येने आली त्या वर्षी, जसं जर्मनीत २०१५-१६ आणि २०२२, तो धरावाच.

पाटीपेन्सिल

युनेस्कोने शिक्षणासाठी जीडीपीच्या ४ ते ६ टक्के म्हटलंय, त्यात निम्न माध्यमिकचा वाटा किती असावा?

हातचा_एक

तो निकष २०१५ च्या इंचॉन घोषणेतला : जीडीपीच्या किमान ४ ते ६ टक्के, आणि/किंवा एकूण सरकारी खर्चाच्या किमान १५ ते २० टक्के. तो संपूर्ण शिक्षणासाठी आहे, स्तरवार वाटणी त्यात नाही. चार वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या टप्प्याला एकच टक्का लावताही येणार नाही. तो या तक्त्यात आणू नका.

इयत्तावारी

तक्ता उतरवताना एक लक्षात ठेवा. ओईसीडीच्या फाइलीत रिकाम्या जागी अक्षरं असतात. 'एम' म्हणजे आकडा मिळाला नाही. 'ए' म्हणजे ती बाब त्या देशाला लागूच नाही. 'एक्स' आणि कंसात स्तंभाचा क्रमांक म्हणजे आकडा आहे, पण दुसऱ्या स्तंभात मिळवलेला आहे. बरेच जण स्प्रेडशीटमध्ये तिन्हींच्या जागी शून्य भरतात. 'एक्स' च्या जागी शून्य भरलं तर त्या देशाचा तो खर्च गायब होतो आणि शेजारचा स्तंभ अकारण फुगलेला राहतो. तिथे दोन्ही देशांचे ते दोन स्तंभ एकत्र करूनच तुलना करावी लागते, स्तर सुटा करता येत नाही.

मोजदाद

इयत्तावारी, आभार. तक्त्याचे स्तंभ असे धरतो : चालू खर्च दर विद्यार्थी, सरकारी-खासगी मिळून, आरंभीच्या स्रोतानुसार. त्याच्या शेजारी निवृत्ती-अंशदान वजा करून आणि २० व ३० टक्के मानीव दराने. मग ६ ते १५ वयाचा संचित खर्च, दोन्ही कंस वेगळे छापलेला जीडीपीचा वाटा, भांडवली खर्चाची पाच वर्षांची सरासरी आणि प्रत्यक्ष विद्यार्थी-शिक्षक प्रमाण. 'एक्स' असलेल्या जागा पिवळ्या करून ठेवतो. खतावणी, फ्रान्सच्या मूळ वेतनात भत्ते धरायचे नाहीत ना? अंशदानाचा तो चढा दर फक्त मूळ वेतनावर लागतो म्हणून विचारतो.

खतावणी

नाही, धरायचे नाहीत. भत्ते आणि जादा तासांचे पैसे वेगळ्या ओळीत घ्या. त्या ओळीला हा दर लावला तर अंशदान वाजवीपेक्षा जास्त वजा होईल आणि फ्रान्सचा दुरुस्त आकडा खोटा खाली जाईल. करारावरच्या शिक्षकांचं वेतनही त्यातून बाजूला काढा, त्यांचं अंशदान सर्वसाधारण योजनेत जातं.